गाडीला चालक नसेल, तर उत्तर कोणी द्यावे?



आषाढी वारीत बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर हा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. गाळप हंगाम सुरू झाला की तोच रस्ता उसाचा होतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, तोडणी कामगारांच्या बैलगाड्या, मध्येच मेंढरांचा कळप. इथे गाडी चालवणारा नुसते नियम पाळून भागत नाही. समोरच्या माणसाच्या मनात काय आहे हेही त्याला ओळखावे लागते. अशा रस्त्यावर उद्या चालक नसलेली गाडी आली तर?

हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही. अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या परिसरात 'वेमो' कंपनीच्या चालकाविना धावणाऱ्या टॅक्सी २०२० पासून सर्वांसाठी खुल्या झाल्या. त्यांना पाहून नुसते नाक मुरडणे बरे नव्हे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. यंत्र दारू पीत नाही, रात्रपाळीने डुलक्या घेत नाही, ईर्ष्येने ओव्हरटेक करीत नाही. त्याने काही घरांचे कर्ते वाचणार असतील, तर ते नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

परंतु दुसरी बाजूही पाहू या. १८ मार्च २०१८ च्या रात्री फिनिक्सजवळच्या टेम्पी गावी 'उबर'च्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने सायकल ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला ठार केले. तपासात असे निघाले, की धडकेच्या सुमारे साडेपाच सेकंद आधी यंत्राला ती दिसली होती; पण हे वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे त्याला ठरवता येईना. ठरवून दिलेली जागा सोडून माणूस रस्ता ओलांडील, हे ती यंत्रणा बनवणाऱ्यांनी गृहीतच धरले नव्हते. आपल्याकडे तर सगळेच तसे रस्ता ओलांडतात!

मग दोष कोणाचा? लक्ष ठेवण्यासाठी गाडीत बसवलेली स्त्री त्या वेळी मोबाईल पाहत होती. २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. कंपनीवर मात्र फौजदारी खटला भरण्यास आधार नाही, असे सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच सांगून टाकले होते. तिची चूक होतीच. पण शेकडो हुशार हातांनी बनवलेल्या यंत्राचे ओझे शेवटी एका पगारी बाईच्या खांद्यावर आले, हे विसरता येत नाही.

आपले केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितले, की चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. चालकाच्या भाकरीची काळजी रास्तच आहे. तरीही केवळ रोजगार टिकावा म्हणून टळण्यासारखे मृत्यू होऊ द्यावेत, हे मनाला पटत नाही. म्हणून खरी कसोटी वेगळी वाटते. ज्याला यंत्राचा नफा मिळतो, त्यानेच त्याच्या चुकीचे उत्तर द्यावे आणि ज्याची भाकरी जाते त्याचीही सोय पाहावी. आणि रस्त्यावरचा सर्वांत दुबळा माणूस, मग तो वारकरी असो, मेंढपाळ असो वा शाळकरी पोर, त्याच्या हिशेबात आधी धरलेला असावा. एवढे होणार असेल तर यंत्र खुशाल येऊ द्यावे.

ते येईल तेव्हा येईल. आज स्टिअरिंग आपल्याच हाती आहे. अंधारात उभ्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर नसेल, तर तिथेही कोणीतरी समोरच्या माणसाला गृहीत धरलेले नसते. ते कोणीतरी म्हणजे यंत्र नव्हे, आपणच. या हंगामात रस्त्यावर ट्रॉली काढण्यापूर्वी एकदा मागे जाऊन पाहावे.