खेळातला प्रपंच आणि महाडचे पाणी

‘द सिम्स’ हा विल राइट यांच्या कल्पनेतून 2000 साली आलेला संगणकखेळ म्हणजे पडद्यावर मांडलेला प्रपंच. त्यात शत्रू नाही, शेवटची पायरी नाही. खेळणारा एक माणूस घडवतो, त्याला घर देतो, नोकरीला लावतो, त्याचे प्रेम जुळवतो. चौथ्या आवृत्तीची 2016 सालची ‘सिटी लिव्हिंग’ ही पुरवणी तर खास शहरासाठी: राजकारण, समीक्षा आणि समाजमाध्यमांतल्या नोकऱ्या, भिंतीपलीकडून गोंगाट करणारे शेजारी, प्रेमिकांचा उत्सव.

यामागचा प्रश्न जुना आहे. माणूस आयुष्य स्वतः घडवतो, की बरेचसे घडलेलेच घेऊन जन्मतो? महाड-पोलादपूरच्या डोंगरी गावांतून मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्याला हे अनुभवाने ठाऊक असते. नोकरी गाववाल्याच्या शब्दावर लागते, पहिली पथारी भावकीतल्या कुणाच्या खोलीत पडते, सोयरीक गावाकडे ठरते. खेळातल्या पात्राला गाव नाही, जात नाही. स्वभावसुद्धा यादीतून निवडलेला.

प्रयत्नाच्या बाजूने महाड तालुक्यातच मोठी साक्ष आहे. शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. बाराव्या दशकाच्या आरंभी समर्थ प्रपंच टाकून परमार्थामागे धावणाऱ्याला खडसावतात: अशाने खायला अन्नही मिळणार नाही. खेळाचा हिशेबही असाच रोकडा. कामावर दांडी मारली की बढती अडते, बिल थकले की वीज जाते. पण समर्थांच्या लेखी प्रपंच करणारा आणि विवेक करणारा एकच असतो. खेळात करणारा पडद्यावर आणि ठरवणारा पडद्याबाहेर. पात्राने आपणहून काही करावे की नाही, याचीही सेटिंग असते. ती बंद केली की ते भुकेल्या पोटी फ्रिजशेजारी हुकमाची वाट पाहत राहू शकते. प्रारब्धाचे इतके उघडे चित्र एखाद्या कीर्तनकारालाही सुचले नसते.

दुसरी साक्ष महाड शहरातल्या चवदार तळ्याची. खेळातल्या सहा गरजा पट्ट्यांनी मोजल्या जातात: भूक, झोप, स्वच्छता, शौच, करमणूक, सहवास. तहान त्यांत नाही. महाड नगरपालिकेने 1924 साली तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, तरी अस्पृश्यांना तिथे पाणी घेता येत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मागाहून त्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की या पाण्यावाचून कुणाचे अडले नव्हते. प्रश्न बरोबरीचा होता. म्हणजे महाडलाही मुद्दा तहानेचा नव्हताच. आणि बरोबरीची पट्टी खेळात नाही, कारण तिची उणीव भासावी असा जन्मच तिथे कुणाच्या वाट्याला येत नाही.

त्याच परिषदेत, 25 डिसेंबर 1927 रोजी, मनुस्मृती जाळली गेली. ज्यांच्यावर नियम लादले होते त्यांनीच नियमांचे पुस्तक नाकारले. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने 1937 साली मान्य केला. खेळाचेही नियम बदलतात. हौशी मंडळी ‘मॉड’ लिहून त्यात नव्या नोकऱ्या, नवी नाती घालतात. मात्र बदल करणारा नेहमी बाहेरचा असतो. पात्रानेच नियम मोडलेला दिसला, तर तो बिघाड समजून पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त केला जातो.