न दिसणारी गळती आणि अदृष्टाचा प्रश्न

एखादी वस्तू दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरवता येते काय, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील, म्हणजे कोणते ज्ञान कशाच्या आधारे खरे मानावे याचा विचार करणाऱ्या शास्त्रातील, जुना आणि अवघड प्रश्न आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धी’, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. न्याय दर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, त्याला नकार दिला आणि जमिनीवर घडा नाही हे डोळ्यांनीच कळते असे प्रतिपादले. हा वाद शतकानुशतके चालला, तरी एका अटीबाबत दोन्ही पक्षांत फारसा मतभेद नव्हता, ती अट म्हणजे ‘योग्यता’: वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेडात घडा न दिसणे हा त्याच्या अभावाचा पुरावा होतो, अंधारात न दिसणे होत नाही. आणि पिशाच मुळातच डोळ्यांना दिसणारे मानलेले नसल्याने ते दिसले नाही यावरून कोणत्याच बाजूने काही सिद्ध होत नाही.

या अटीचे महत्त्व कोरपन्यासारख्या तालुक्यात जुन्या जीपगाडीचे बॉनेट उघडले म्हणजे ध्यानात येते. चंद्रपूर जिल्ह्याच्या या टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथील सिमेंटचे कारखाने ज्या चुनखडकावर उभे राहिले, तोच खडक भूजलाला जड करतो. अशा गाडीच्या रेडिएटरमधील कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, दर आठवड्याला कमी होते, पण गाडीखाली एक थेंबही पडलेला दिसत नाही, तेव्हा मिस्त्री ‘गाडी पाणी पिते’ असे म्हणतो. चालक हातपंपाचे पाणी ओतून वेळ मारून नेतो. त्या पाण्याने गंज रोखणारी द्रव्ये विरळ होतात, क्षारांची खपली धरते, आणि पुढे कधी तीच खपली एखादे बारीक छिद्र बुजवून बसते, त्यामुळे रेडिएटर साफ केल्यावरच गळती सुरू झाली असे उलटे चित्र दिसते.

जमीन कोरडी आहे म्हणून गळती नाही, हे अनुमान येथे योग्यतेच्या अटीवर अडते. तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय रेडिएटरचे झाकण साधारण एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे मिश्रणाचा उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वाढतो, आणि होज पाइपच्या तोंडाशी असलेली फट त्या दाबाखालीच उघडते व इंजिन थंड झाले की मिटते. म्हणून जाणता मिस्त्री थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप असलेले दाबमापक बसवतो, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरतो आणि काटा उतरतो की काय ते पाहतो. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तो अजून काही शोधत नसतो, न दिसण्याला पुराव्याची योग्यता मिळवून देत असतो. काटा स्थिर राहिला तरी त्याचे काम संपत नाही, कारण धातू तापून प्रसरण पावल्यावरच उघडणारी फट थंड इंजिनात सापडत नाही, आणि दोषी झाकण तर या तपासणीत बाजूलाच काढलेले असते.

बाहेर गळती नसेल तर ती आत असली पाहिजे, या तर्काला न्यायसूत्रांवरील वात्स्यायनांच्या भाष्यात ‘शेषवत्’ अनुमानाचा एक अर्थ म्हणून स्थान आहे: संभाव्य पर्याय एकेक करून निषिद्ध ठरले की उरतो तो खरा. त्याच संज्ञेचा दुसरा अर्थ कार्यावरून कारणाकडे जाणे असा असून तेथे नदीचा पूर पाहून वर झालेल्या पावसाचे अनुमान हे उदाहरण दिलेले आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या उदाहरणावर आक्षेप येतो की पाणी अडल्यानेही नदी फुगते, मग अनुमान भरवशाचे कसे? पैनगंगा जेथे वर्धेला मिळते त्या मुलखात हा आक्षेप पुस्तकी राहत नाही, कारण वर इसापूर किंवा निम्न वर्धा धरणाचे दरवाजे उघडले की येथे आभाळ कोरडे असतानाही पाणी चढते. सूत्रकारांचे उत्तर असे की नुसते फुगणे हे लिंग, म्हणजे खूण, नव्हेच. भाष्य वेग, फेस, वाहत येणारी पाने आणि लाकडे यांसह असलेल्या विशिष्ट पुराकडे बोट दाखवते. सायलेन्सरमधून निघणाऱ्या पांढऱ्या धुराचेही असेच आहे. थंडीच्या सकाळी तो प्रत्येक गाडीतून थोडा वेळ निघतो, पण इंजिन तापल्यावरही टिकणारा, गोडसर वासाचा धूर आणि त्याच वेळी रेडिएटरच्या तोंडाशी सतत येणारे बुडबुडे एकत्र आढळले, तरच इंजिनाचे डोके आणि ब्लॉक यांमधील हेड गॅस्केट फुटल्याचे अनुमान उभे राहते.

शेषवत् अनुमानाचे खरे दुबळेपण मात्र पर्यायांच्या यादीत असते. चंद्रपूरच्या उष्णतेत हीटर कोणी लावत नाही, म्हणून डॅशबोर्डमागच्या त्याच्या छोट्या रेडिएटरची आठवणही राहत नाही. पायाखालची ओल एसीच्या पाण्यावर ढकलली जाते, आणि यादीतून एक नाव गळाल्यामुळे चांगले इंजिन उगाच उघडले जाते.

सर्व पर्याय संपल्यासारखे वाटतात आणि कारण हाती लागत नाही, अशा वेळी वैशेषिक दर्शनाने ‘अदृष्ट’, म्हणजे न दिसणारे कारण, ही संज्ञा वापरली. त्या दर्शनाच्या प्रवर्तक कणादांच्या सूत्रांत लोहचुंबकाकडे सुई सरकणे आणि झाडात पाणी वर चढणे ही दोन्ही अदृष्टाची कार्ये म्हणून सांगितली आहेत. पुढे या संज्ञेत पाप-पुण्याचा हिशेब शिरला हे खरे. तरी सुईच्या बाबतीत त्या दर्शनाने कारणाच्या रिकाम्या जागी शेजारच्या माणसाला बसवले नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. भानामतीच्या समजुतीत नेमके तेच घडते. ऑगस्ट २०२१ मध्ये कोरपन्याला लागून असलेल्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांना आणि स्त्रियांना बांधून मारहाण झाली. तेथे पर्यायांची यादी करण्याची पायरीच आली नव्हती, आणि करणी दिसत नाही हा आक्षेप घेण्यातही अर्थ नव्हता, कारण ती दिसणार नाही हे आधीच गृहीत होते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अदृश्य शक्तीवरील श्रद्धेला हात लावत नाही. त्याच्या अनुसूचीत गुन्हा ठरते ते अमुक व्यक्ती करणी करते असे भासवणे, आणि त्याच कलमात मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवल्याचा आरोपही नावानिशी घातलेला आहे.