शेजाऱ्यांकडे किल्ली

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स अपडेट केलं आणि वायफाय गेलं. यूएसबी अडॅप्टर धडधाकट आहे. पण कंपनीने त्याचा ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी लिहिला आणि सोडून दिला. नव्यावर तो कंपाइलच होत नाही. मग पैसे देऊन मी घेतलं काय? वस्तू, की कुणीतरी तिची काळजी घेईल हा भरवसा?

नवा अडॅप्टर निवडताना वेग नाही, आतली चिप पाहिली. एआर९२७१ जुनी, फार तर १५० एमबीपीएसची. पण तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि फर्मवेअरचा सोर्स कोड २०१३पासून खुला आहे. कंपनी विसरली, तरी दुसरं कुणी सांभाळू शकतं.

विकलेली वस्तू कंपनीने जन्मभर सांभाळावी, असं माझं म्हणणं नाही. पण गाव सोडताना आपणही किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन जातोच ना?