पुसलेले चित्र आणि उरलेला माणूस

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य केले. बाल्य, तारुण्य व वार्धक्य या अवस्था पालटतात, पण त्या धारण करणारा पालटत नाही, ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील भूमिका. ॲनिमेशन ही कला हाच प्रश्न उलट बाजूने उपस्थित करते. तेथे वस्तुतः अवस्थाच तेवढ्या असतात. प्रत्येक चौकट स्थिर व सुटी असते. चौकटींमधील सातत्य पाहणाऱ्याच्या मनात घडते.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतील वाटाण्याची वाढ रोज एक चौकट टिपून पडद्यावर आणली. रोपाच्या बाबतीत काळाचा असा संक्षेप निरुपद्रवी ठरतो. माणसाच्या बाबतीत मात्र त्यात एक नैतिक धोका संभवतो. जन्मापासून मरणापर्यंतचे आयुष्य काही मिनिटांत वाहू लागले, की मरण हे चक्रातील एक वळण होते आणि ज्याचे मरण तोच गौण ठरतो.

कॅरोलिन लीफ यांच्या 'द स्ट्रीट' (१९७६) या लघुपटात हा धोका टाळलेला दिसतो. आजी अंथरुणाला खिळली आहे आणि तिची खोली आपल्याला मिळावी म्हणून नातू वाट पाहतो आहे. चित्रे काचेवर ओल्या रंगाने काढलेली आहेत. पुढचे चित्र उमटवण्यासाठी आधीचे पुसावे लागते. येथे तंत्र हेच आशयाचे रूप होते. एकाची जागा रिकामी झाल्यावाचून दुसऱ्याला ती मिळत नाही, हे नातवाचे सत्य प्रत्येक चौकटीत घडत राहते. टिकतो तो रंग. आकृती टिकत नाही. मग 'ही तीच आजी' असे कोण म्हणणार? ते पाहणाऱ्यालाच म्हणावे लागते. अशा वेळी माणसाचे सातत्य हे इतरांनी पत्करलेले एक दायित्व ठरते.

परंतु ज्याला ओळखणारे कोणीच उरले नाही, त्याचे काय? गीतांजली राव यांच्या 'प्रिंटेड रेनबो' (२००६) मधील वृद्धा मांजराच्या सोबतीने एकटी राहते आणि काड्यापेट्यांवरील चित्रांच्या रंगीत जगात शिरते. तिचे सातत्य तिची कल्पनाशक्ती सांभाळते. म्हणजे केवळ पाहणाऱ्यावर सारे सोपवणेही अपुरे आहे. पुसल्या जाणाऱ्या माणसाच्या आतही काही पाहत असते, हे मान्य करावे लागते. तेथे या आधुनिक कलेला नेवाशातील जुन्या प्रश्नाकडेच परतावे लागते.