कर्जाचे ओझे आणि आमचा उपदेश

रमजानमध्ये जकातीचा हिशेब करायला बसलो, की आम्हा नाशिकच्या पांढरपेशा मुसलमानांच्या बैठकीत एक वाक्य हमखास उच्चारले जाते : 'गरिबाच्या हातात पैसा टिकत नाही.' मग उदाहरणे निघतात. कोणी मुलीच्या लग्नासाठी व्याजाने पैसे काढले, कोणी मुलाला आठवीतून काढून कामाला लावले, कोणी जुनी उचल फेडायला नवी उचल घेतली. आम्ही माना हलवतो, पाकिटे भरतो आणि पाकिटाबरोबर थोडा उपदेशही देतो. प्रश्न असा आहे की, आमचे हे निदान बरोबर आहे काय?

आमच्याच जिल्ह्यातले मालेगाव पाहा. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकर कुटुंबांनी तेथे हातमाग मांडले; पुढे ते यंत्रमागाचे शहर झाले. मागावर काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या मापावर. वीज गेली, सूत महागले, मंदीत माग बंद राहिले, की मजुरी बुडाली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर माग थांबले आणि चूलही थांबायची वेळ आली. घरभाडे, वाण्याची उधारी, आईचे औषध आणि मालकाची उचल असे चार हिशेब अशा माणसाच्या डोक्यात रात्रंदिवस चालू असतात. मुलाची शाळा सोडवण्याचा निर्णय तो त्याच डोक्याने घेतो. आम्ही मात्र तो निर्णय महिन्याच्या ठरलेल्या पगाराच्या सावलीत बसून तोलतो.

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांना संशोधकांनी तोडणीपूर्वीच्या तंगीत आणि तोडणीनंतर पैसा हाती आल्यावर, अशी दोनदा कोडी घातली. माणसे तीच, पण तंगीच्या दिवसांत त्यांची उत्तरे अधिक चुकली. बुद्धी कमी नव्हती, ती पैशाच्या चिंतेत गुंतून पडली होती. चिंता उतरली तशी ती मोकळी झाली.

यावर कोणी म्हणेल, मग गरिबाची काहीच जबाबदारी नाही? तसे म्हणणे हा त्याचा अपमानच होईल. जबाबदारी प्रत्येकाची असते. पण डोक्यावर दोन मण ओझे असलेल्याला तू हळू का चालतोस, असे विचारणे न्यायाचे नाही. आधी ओझे उतरवावे, मग चाल पाहावी.

हे आम्हाला नवे वाटू नये. प्रेषितसाहेब कर्जापासून वारंवार अल्लाहचा आश्रय मागत. कोणी कारण विचारले तेव्हा, कर्जात सापडलेला माणूस खोटे बोलू लागतो आणि दिलेला शब्द मोडतो, या अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, असे बुखारीतील हदीस सांगते. खोटारडा माणूस कर्जबाजारी होतो, असे ते म्हणाले नाहीत. कर्ज माणसाचा स्वभाव बदलते, असे ते म्हणाले. कुरआनने सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत कर्जबाजारीही आहेत. तेथे उपदेशाची अट नाही.

आता आमच्या जकातीकडे पाहू. ती वर्षातून एकदा मोजायची असते. रमजानमध्येच वाटली पाहिजे, असा नियम नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चमध्ये होता. शाळा मात्र जूनमध्येच उघडते आणि वह्या-पुस्तके, गणवेश, फी यांचा मारा तेव्हाच होतो. मार्चमधले पाकीट जूनपर्यंत पुरत नाही, आणि मग तो माणूस पुन्हा सावकाराच्या दारात उभा राहतो. आम्ही म्हणतो, पाहा, पैसा टिकला नाही!

चाळीस घरांत थोडे थोडे वाटण्यापेक्षा चार घरांचे कर्ज पुरते फेडले तर? काही रक्कम जूनसाठी ठेवली तर? मोहल्ल्यात बिनव्याजी उचल देणारी पेटी निघाली तर? यासाठी अधिक पैसा लागत नाही. लागतो तो थोडा विचार. तो करायची उसंत आम्हाला आहे, त्यांना नाही. म्हणून ती जबाबदारी आधी आमची आहे. या वर्षी पाकीट भरताना उपदेश तेवढा घरी ठेवू या.