भार काढल्यावर

मागच्या वर्षी एका बुधवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे ‘स्ट्रेस आणि रेझिलियन्स’ या विषयावर वेबिनार होता. हजेरी सक्तीची. त्या आठवड्यात मी ऑन-कॉल होते. म्हणजे आठवडाभर फोन उशाशी ठेवायचा, रात्री सिस्टिममध्ये काही बिघडलं की तो किंचाळतो आणि पंधरा मिनिटांत लॅपटॉपसमोर बसायचं. आदल्या रात्री तो दोनदा किंचाळला होता, एक वाजून दहा मिनिटांनी आणि पावणेचारला. वेबिनारमधल्या बाई म्हणाल्या, “चार आकडे मोजत श्वास आत घ्या.” मी तीनवर झोपले.

त्या बाईंची टिंगल करायची नाही. श्वासाचा व्यायाम मी आजही करते आणि त्याने बरं वाटतं. पण स्क्रीनवर एक वाक्य होतं: ताण अटळ आहे, म्हणून आपण लवचिक व्हायचं. त्या वाक्याशी मी वर्षभर भांडते आहे. भांडणात अर्धी चूक माझीच आहे, ते पुढे येईलच.

मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या असंख्य लोकांपैकी मी एक. दुसऱ्या वर्षाला ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ होता. लॅबमध्ये यूटीएम मशीनच्या दोन जबड्यांत माइल्ड स्टीलची सळई अडकवायची आणि हळूहळू ओढायची. स्ट्रेस म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. स्ट्रेन म्हणजे त्या भाराने सळई मूळ लांबीच्या मानाने किती ताणली गेली. साधारण 250 मेगापास्कलच्या आसपास ती यील्ड होते, पुढे मधोमध बारीक होत जाते आणि शेवटी ‘खाड्’ करून तुटते. वर्गात आम्ही पाच मुली होतो. त्या आवाजाला पाचही जणी दचकायचो आणि मुलंही दचकायची, फक्त ती कबूल करायची नाहीत.

रेझिलियन्स हा शब्द मी पहिल्यांदा तिथे ऐकला. यील्ड होण्याच्या आत असेपर्यंत धातू ऊर्जा साठवून घेतो आणि भार काढल्यावर ती परत देऊन मूळ लांबीवर येतो. या क्षमतेला रेझिलियन्स म्हणतात. परीक्षेपुरती पाठ केलेली व्याख्या. वेबिनारनंतर ती आठवली तेव्हा त्यातले दोन शब्द खुपायला लागले: ‘भार काढल्यावर’. म्हणजे भार उतरवणं हा रेझिलियन्सच्या व्याख्येचाच भाग आहे. जी सळई कधीच मोकळी होत नाही, तिच्या रेझिलियन्सबद्दल बोलण्यात अर्थच नाही.

त्याच विषयात फटीग होता. जर्मन रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्होलर या इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात आगगाडीच्या आसांवर प्रयोग केले होते. एका झटक्यात जो भार आस सहज पेलतो, तोच भार लाखो वेळा येत-जात राहिला तर आस तुटतो. यील्डच्या कितीतरी खाली असूनही तुटतो, आणि आधी वाकूनही दाखवत नाही.

माणसाच्या शरीराला ‘स्ट्रेस’ हा शब्द चिकटवण्यात मोठा वाटा हान्स सेल्ये यांचा. 1936 साली ‘नेचर’मध्ये त्यांचं एक छोटं टिपण आलं. उंदरांना थंडीत ठेवलं, अतिश्रम करायला लावले, वेगवेगळी औषधं टोचली, तरी त्यांची शरीरं साधारण एकाच साच्यात प्रतिसाद देत होती. पहिल्या टप्प्यात शरीर हादरतं. दुसऱ्यात ते जुळवून घेतं, अवयव जवळजवळ पूर्ववत दिसायला लागतात. मारा तरीही चालूच राहिला तर तिसऱ्या टप्प्यात ते कोसळतं. मला या तिघांतला दुसरा टप्पा भयंकर वाटतो, कारण त्यात सगळं ठीक दिसतं.

आता माझी चूक.

दोन वर्षांपूर्वी मी टीम लीड झाले आणि ऑन-कॉलचं वेळापत्रक माझ्याकडे आलं. टीममध्ये एक मुलगा नवीन होता, पहिलीच नोकरी, सोलापूरकडचा. मला ताई म्हणायचा. रात्री तीनला अलर्ट आला तरी सकाळी दहाच्या मीटिंगला हजर, आवाजात कुरकुर नाही. बाकीच्यांकडे कारणं होती आणि ती खरीही होती: कुणाचं लहान बाळ, कुणाचे वडील आजारी, कुणाचं लग्न तोंडावर. मग मी त्याला विचारायचे, “या आठवड्यात तू घेशील का?” तो म्हणायचा, “चालेल ताई.” तीन महिन्यांत त्याच्या वाट्याला इतरांच्या दुप्पट रात्री गेल्या. सहामाही मूल्यमापनात मी त्याच्याविषयी कौतुकाने लिहिलं: अत्यंत रेझिलियंट.

चौथ्या महिन्यात एका रात्री त्याने फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा मेसेज आला. फोन वाजत होता, मी बघत होतो, हात उचलत नव्हता, असं त्यात होतं. पुढच्या आठवड्यात त्याने राजीनामा दिला आणि घरी निघून गेला. जाताना मला म्हणाला, “सॉरी ताई, मी कमी पडलो.”

हे वाक्य ऐकून मला माझी आजी आठवली. ती गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, “फार सोशिक बाई होती.” अकरा माणसांचं घर, दोन बाळंतपणांनंतर कायमची धरलेली कंबर, आणि तरी शब्द नाही. लहानपणी मला ते कौतुक वाटायचं. कॉलेजात गेल्यावर राग यायला लागला. ती सोशिक आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच तर हंडा तिच्या कमरेवर राहिला. सोशिकपणाचं कौतुक करणाऱ्यांपैकी एकाने तो उचलला असता, तर कौतुकाची गरजच पडली नसती.

आणि मी काय केलं? सोशिक या शब्दाचं इंग्रजी करून मूल्यमापनाच्या फॉर्मात भरलं.

मराठीत दोन क्रियापदं आहेत, सोसणं आणि सावरणं. वेबिनारमध्ये दोन्हींना एकच शब्द वापरला जातो, तिथेच घोळ होतो. सोसणं भार असताना घडतं. सावरायला भार थोडा तरी बाजूला व्हावा लागतो. माणसाला आपण सोसायला लावतो आणि सावरल्याचं श्रेय देतो.

इथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो माझे बाबाच घेतात. ते एसटीत चालक होते. “घाटातून पंचावन्न माणसं घेऊन जाताना आम्हाला ताण नव्हता का?” होता. सगळा ताण वाईट नाही आणि सगळा टाळताही येत नाही. भार पडल्याने हाड घट्ट होतं. अवघड काम निभावलं की पुढचं काम कमी अवघड वाटतं. पण विश्रांती न देता पळत राहणाऱ्याच्या त्याच हाडाला बारीक तडे जातात. बाबांनाही जेव्हा मी विचारलं की लागोपाठ दोन ड्युट्या केल्यावर घाटात कसं वाटायचं, तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “देव होता म्हणून.”

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञानाचा. काय आपल्या हातात आहे आणि काय नाही हे ओळखा, असं एपिक्टेटस शिकवायचा. आजकालच्या रील्समध्ये हा विचार सारखा भेटतो. तो मला पटतो. पण तो सांगणारा माणूस गुलाम म्हणून वाढला होता हे रील्समध्ये नसतं. गुलामीतून आलेल्या माणसाने स्वतःला सांगितलं की माझं मन माझ्या ताब्यात आहे, तर त्यात केवढी प्रतिष्ठा आहे. तेच वाक्य मालकाने गुलामाला सांगितलं तर? शब्द तेच राहतात, त्याचा अर्थ मात्र ‘साखळीबद्दल बोलू नकोस’ एवढाच उरतो.

म्हणून माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की रेझिलियन्स हा प्रथमपुरुषी शब्द आहे. मी स्वतःला म्हणू शकते, की हे मी निभावेन. समोरच्याला ‘तू निभाव’ म्हणायचं असेल, तर आधी त्याच्या भारातलं मी काय उचलू शकते हे पाहायचं. आणि उचलता येण्यासारखं असूनही न उचलता केलेलं कौतुक हा कामचुकारपणा समजायचा. माझा.

गंमत अशी, की यंत्रांच्या बाबतीत आम्हाला हे कधीच शिकवावं लागलं नाही. एका सर्व्हरवर भार वाढला तर त्याला धीर धर म्हणून कोणी सांगत नाही. दुसरा सर्व्हर लावतो, काही विनंत्या नाकारतो, सर्किट ब्रेकर टाकतो.

आता आमच्याकडे प्रत्येक आठवड्याला दोघं जण ऑन-कॉल असतात. रात्री ज्याला उठावं लागलं तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येत नाही आणि त्याला कुणी विचारत नाही. महिनाभर बसून आम्ही निरर्थक अलर्ट बंद केले, जवळपास निम्मे निघाले. हे फुकट झालं नाही. एक फीचर सहा आठवडे लांबलं, वरच्यांनी मला बोलावून विचारलं आणि यंदाची माझी पगारवाढ बेताची आहे. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू?

गेल्या महिन्यात त्या मुलाला फोन केला. गावी सहा महिने राहून तो आता दुसरीकडे लागलाय, झोप लागते म्हणाला. मी म्हटलं, “कमी तू पडला नव्हतास. वेळापत्रक मी लावत होते.” तो जरा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारलं, “ताई, मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या महिन्याचं वेळापत्रक करायला बसते तेव्हा त्याचा हा प्रश्न समोर असतो.