मुद्दाम केले नाही

बेळगावच्या खासबागेत विणकरांची जुनी वस्ती आहे. अशाच एका घरी आम्ही बसलो असता, खेळताना मुलाचा हात मागावर गेला व ताण्याचे दहा-बारा धागे तुटले. बापाने डोळे वटारले. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "मुद्दाम नाही केलं, बाबा." बापाचा हात खाली आला व तो मुकाट्याने गाठी मारू लागला.

धागे तर तितकेच तुटले होते. मग बदलले काय?

आपण म्हणाल, हेतू. पण हेतू नावाची वस्तू खरोखर आहे काय, यावर पाश्चात्त्य तत्त्वज्ञांत मोठा वाद आहे. फ्रान्झ ब्रेंटानो यांनी १८७४ साली असे मांडले की, मनाची खूण म्हणजे ते नेहमी कशाविषयी तरी असते. भीती कशाची तरी असते, आशा कशाची तरी असते. दगड मात्र कशाविषयीही नसतो. याउलट पॉल चर्चलंड यांनी १९८१ साली लिहिले की, विश्वास, इच्छा, हेतू हे सारे एका जुन्या लौकिक समजुतीचे शब्द होत. जळण्याचे कारण म्हणून एके काळी फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य मानीत, ते जसे पुढे नाहीसे झाले, तसेच मेंदूचे शास्त्र वाढल्यावर हेही जातील.

"विश्वास नाही, यावर तुमचा तरी विश्वास आहे ना?" असे विचारून त्यांना गप्प करता येईल, असे कोणास वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. पण हा आक्षेप त्यांनी स्वतःच त्याच लेखात विचारात घेतला आहे. ज्या समजुतीवर वाद आहे, तीच यात आधी गृहीत धरली जाते, असे त्यांचे उत्तर. आणि ते लटके नाही.

डॅनियल डेनेट यांनी मधला मार्ग धरला. १९८७ च्या आपल्या ग्रंथात ते सांगतात की, समोरच्यास इच्छा व विश्वास आहेत असे धरून चालले की त्याचे वागणे आधी ओळखता येते; म्हणून हे बोलणे सार्थ आहे. आमचे विणकरही म्हणतात, "आज माग रुसलाय." (डेनेट यांना ही तुलना फार ढोबळ वाटेल, हे कबूल.) जेकार्डच्या पुठ्ठ्यांवरील छिद्रांत मोराची नक्षी असते, पण माग मोराचा विचार करीत नाही, तो नक्षी काढणाऱ्याने केलेला असतो. धागा तुटला म्हणून मागाला क्षमा करण्यास कोणी जात नाही.

आम्हांस वाटते, मुख्य गोष्ट येथेच आहे. फ्लॉजिस्टन गेले, कारण जळणे त्याहून चांगले समजावणारे काही सापडले. "मुद्दाम" व "चुकून" यांतला भेद त्याहून चांगला समजावणारे अद्याप काही पुढे आलेले नाही. अनुवादाच्या १९ व्या अध्यायात, लाकूड तोडताना कुऱ्हाड दांड्यातून निसटून शेजारी मेला तर मारणाऱ्याने आश्रयाच्या नगरात पळून जावे, असा नियम आहे. द्वेषाने दबा धरून मारणाऱ्यास तो आसरा नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत हेतूचा विचार होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही आहे.

मात्र हेतू खरा असला, तरी तो आपल्याला नेहमी बरोबर वाचता येतो असे नाही. संडेस्कूलच्या वर्गात पाटी फुटली की आपण किती चटकन म्हणतो, "मुद्दाम केलंस!" त्या बापाने मात्र आधी मुलाच्या तोंडाकडे पाहिले. मग शेवटच्या दोन गाठी त्याने मुलाकडूनच मारून घेतल्या.